माझा दहावा करू नये

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. माझे वडील तेजासिंग टाक, सिकलीगर शीख, धंदा कुलपं-किल्ल्या आणि लोखंडी कढया करण्याचा, हे २०१४ च्या उन्हाळ्यात देऊळगाव राजा येथे राहत्या घरी वारले.

२. नांदेडहून काका आले. त्यांनी अरदास ही प्रार्थना केली, शीख रीतीने अग्नी दिला आणि रक्षा गोदावरीत सोडण्यासाठी सोबत घेऊन ते परत गेले.

३. दहाव्या दिवशी आईच्या माहेरच्यांनी, म्हणजे डोणगावच्या मंडळींनी, खडकपूर्णेच्या कोरड्या पात्रात पिंड ठेवला. आई जन्माने हिंदू आहे. वडिलांच्या धर्मात पिंड नाही.

४. कावळा शिवला नाही.

५. जमलेल्यांनी एकेक करून वडिलांना शब्द दिले. कावळा शिवला नाही.

६. शेवटी आई म्हणाली की पोरगी मला सोडून परगावी जाणार नाही. कावळा शिवला.

७. मी परगावी गेले नाही.

८. गेल्या वर्षी माझ्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढल्याचं निदान झालं. औषधं सुरू केली. आता ती पुरत नाहीत.

९. या दिवाळीत मी आईला सांगितलं की माझा दहावा करू नये. आई भाऊबीजेला डोणगावला गेली. अजून परतलेली नाही.

मी, कुलदीप कौर तेजासिंग टाक, वय ३१, अविवाहित, व्यवसाय वैद्यकीय उपकरणांची देखभाल व दुरुस्ती, राहणार देऊळगाव राजा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून लिहीत आहे. माझं शरीर नीट चालत नाही, बुद्धी चालते. तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल अशी एकच व्यक्ती आहे आणि ती सध्या माझ्याशी बोलत नाही. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलं, आणि दुसरं करण्याची वेळ येईल असं वाटत नाही.

या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी माझी चुलत बहीण डिंपल कौर, राहणार नांदेड, हिला नेमते. तिने फोनवर होकार दिला आहे. ती रडली, पण होकार स्पष्ट होता.

कलम १. घर

देऊळगाव राजा येथील दोन खोल्या व रस्त्याकडचं दुकान वडिलांनी हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावे केलं होतं. ते मी माझी आई सत्यभामाबाई हिला पूर्ण मालकी हक्काने देते. तिने ते विकावं, भाड्याने द्यावं किंवा कुलूप लावून ठेवावं. कुलूप लावायचं असेल तर बाजारातलं आणू नये. पापाजींनी केलेली चार कुलपं माळ्यावर तेलात ठेवलेली आहेत.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी

दोन्हीकडे नॉमिनी म्हणून आईचं नाव नोंदलेलं आहे. वकील अनुपमाताईंनी सांगितलं की नोंद असलेली व्यक्ती आपोआप मालक ठरत नाही. म्हणून इथेही लिहिते की ते सगळं आईचं आहे.

कलम ३. वडिलांची हत्यारं

ऐरण, भाता, घण, चिमटे आणि कानशी डिंपलला द्याव्यात. तिच्या घरी अजून लोखंडाचं काम होतं. ऐरण उचलायला दोन माणसं लागतात, त्यामुळे तिने एकटीने येऊ नये.

या ऐरणीसमोर बसून मी शाळेचा अभ्यास केला. पापाजींनी मला धर्म शिकवायला म्हणून कधी बसवलं नाही. जे कळलं ते गिऱ्हाइकांशी चाललेल्या बोलण्यातून. शेजारचे मोतीराम काका कढईचे तुटलेले कान बसवून घ्यायला आले होते. ते म्हणाले, "सरदारजी, तुमच्यात मेल्यावर मानूस कुठं जाते?"

पापाजी म्हणाले, "आधी आलं कुठून ते सांगा."

"मायच्या पोटातून."

"त्याच्या आंधी?"

"आता ते मले काय मालूम राजेहो?"

"मंग जायाचं बी तिकडंच हाय. पत्ता बदलला नाई."

"म्हंजे सरग-नरक काहीच नाई? मंग मी एकादश्या काऊन करून राह्यलो?"

"पोटाले आराम भेटते ना? चालू ठेवा."

मोतीराम काका गेल्यावर त्यांनी मला नीट सांगितलं. माणसात एक ज्योत आहे आणि ती त्या एकाच मोठ्या ज्योतीची आहे. तिला मळ लागत नाही. मळ लागतो तो मनाला. काम, क्रोध, लोभ, मोह, अहंकार हे पाचही चोर मनात घुसतात आणि 'मी, माझं' म्हणायला लावतात. हे 'मी' उतरलं नाही तर जीव पुन्हा जन्माला येतो, पुन्हा फिरतो. उतरलं तर पाण्यात पाणी मिसळावं तसा मिसळतो आणि मग वेगळा काढता येत नाही. नरक म्हणजे त्या एकाला विसरून जगणं, त्यासाठी मरावं लागत नाही. मागे राहिलेल्यांनी पाठवलेलं अन्न तिकडे पोचत नाही. मेलेल्याकडून निरोपही इकडे येत नाही. सगळं हुकमाने होतं आणि तो हुकूम गोड मानायचा.

मी विचारलं, "गोड नाई लागला तर?"

ते म्हणाले, "मंग कडूच पी. पण थुकजो नको."

कलम ४. माझी स्वतःची अवजारं

सोल्डरिंगचा संच, मोजमापाची उपकरणं आणि पुस्तकं बुलढाण्यात मी जिथे काम केलं त्या रुग्णालयाच्या दुरुस्ती विभागाला द्यावीत. तिथले माझे सहकारी संघपाल इंगळे यांना मल्टिमीटर द्यायचा होता. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देऊ नये, असं अनुपमाताई म्हणतात. म्हणून तो मी आजच त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "मॅडम, जित्तेपणी देऊन राह्यल्या, म्हंजे याचं रीडिंग चुकत असन." चुकत नाही. बॅटरी बदलावी.

संघपाल बौद्ध आहेत. वरचा मजकूर वाचून ते म्हणाले, "आमच्यात आत्माच नाई. तुमच्यात ज्योत हाय. तुमच्या आईकडं कावळा हाय. मशीन मात्र तिघायच्या छातीत एकच." मी बऱ्याच दिवसांनी हसले आणि मग बराच वेळ ऑक्सिजन लावून बसावं लागलं.

कलम ५. मामांबद्दल

माझे मामा माणिकराव, राहणार डोणगाव, कांद्याचे व्यापारी, यांना मी काही देत नाही. त्यांच्या गोदामाचं कुलूप पापाजींनी केलं होतं. त्याची जादा किल्ली माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. ती त्यांचीच आहे, परत करावी.

त्यांच्याविषयी तक्रार काय आहे ते लिहून ठेवणं योग्य, म्हणजे मागाहून कोणी वाढवून सांगणार नाही.

दहावा करायचा हे मामांनी ठरवलं. वाईट हेतूने नाही. वीस वर्षं त्यांनी बहिणीच्या या लग्नाचा विषय तोंडातून काढला नव्हता. पापाजी गेल्यावर त्यांना एकदम वाटलं की दाजी आपलेच होते. म्हणून त्यांनी आपलं म्हणून जे करायचं ते केलं. मी म्हटलं, "मामा, पापाजींच्यात हे नसते." ते म्हणाले, "त्याईच्यात नसन. आमच्यात तर हाय ना? आमचे बी व्हते ना ते?" याला मला विरोध करता आला नाही.

पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, खाली येत नव्हते. मामा म्हणाले, "दाजी, दुकान बंद पडू देनार नाई." काही नाही. "दाजी, सत्यभामाले अंतर देनार नाई." काही नाही. कोणीतरी म्हणालं जिलबी ठेवा, जिलबी आवडे त्याईले. जिलबी आणली. माश्या आल्या. ऊन चढलं. मग सगळे आईकडे बघायला लागले, जणू तिनेच काही लपवून ठेवलं आहे. ती उठली, हात जोडले आणि म्हणाली, "पोरीले मी परगावी जाऊ देनार नाई. माह्यापाशीच ठेवन. आता तरी या." कावळा उतरला.

मामांचा मुलगा सागर याची मोटरसायकल त्याच बाभळीखाली उभी होती. बंद केली तर पुन्हा सुरू होत नाही म्हणून त्याने ती सकाळपासून चालूच ठेवली होती. आई बोलत असताना गाडीतलं पेट्रोल संपलं आणि ती बंद पडली. आवाज थांबला आणि कावळा उतरला. हे मी पाहिलं आणि त्याच संध्याकाळी आईला सांगितलं.

आई म्हणाली, "गाडी तुह्या बापानंच बंद पाडली असन. लोखंडातला मानूस व्हता तो."

तिचं म्हणणंही इथे लिहून ठेवते.

त्याच महिन्यात पुण्याच्या एका कंपनीकडून नोकरीचं पत्र आलं. मामा म्हणाले, "भाची, मेल्या मानसाले देल्ला शबुद मांगं घेता येत नाई." मी बुलढाण्यात काम धरलं आणि रोज एसटीने जाऊन-येऊन केलं. इथे एक नोंद करते. मी राहिले त्याला कावळा कारण नव्हता. आई एकटी पडली असती, हे कारण होतं. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण कोणी विचारलं नाही. माझा होकार माझ्या वतीने आधीच देऊन झाला होता, त्यामुळे माझा स्वतःचा होकार कधी वापरातच आला नाही. माझी तक्रार एवढीच आहे. ती इतक्या वर्षांत कमी झालेली नाही.

कलम ६. माझा देह

या कलमासाठी मी हे मृत्युपत्र लिहायला बसले. आणि अनुपमाताई म्हणतात की नेमकं हेच कलम कायद्याने बांधील नाही. देह ही मिळकत नाही. घर मी देऊ शकते, ऐरण देऊ शकते, स्वतःला देऊ शकत नाही. मी गेल्यावर माझ्या देहाचं काय करायचं हे जवळची व्यक्ती ठरवते, म्हणजे आई ठरवेल. म्हणून खाली लिहिते ती आज्ञा नाही, विनंती आहे.

डोळे द्यावेत. यालाही आईचीच संमती लागते. तिने मला सांगितलं आहे की डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळी येशील. पापाजी देहाला चोला म्हणत, अंगावरचं वस्त्र. वस्त्राची गुंडी दुसऱ्याच्या कामी आली तर वस्त्राचा मालक आंधळा होत नाही.

हातातलं कडं काढू नये. केस कापू नयेत. अरदास काका, म्हणजे डिंपलचे वडील, करतील. अग्नी आईने द्यावा किंवा डिंपलने; आमच्यात बाईने देऊ नये असं नाही. मोठ्याने रडू नये. ते आईला जमणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते. रक्षा वाहत्या पाण्यात सोडावी. नदीचं नाव महत्त्वाचं नाही. धरणाच्या तुंबलेल्या पाण्यात मात्र नको. कालव्याला पाणी सुटलेलं असेल तर तेही चालेल. फोटोला हार घालू नये, ओटा बांधू नये, माझ्या नावाने काही ठेवू नये. नांदेडला ग्रंथाचा पाठ होईल, त्याची समाप्ती होईल, प्रसाद वाटला जाईल. तिथे सगळं संपलं असं मानावं.

दहावा करू नये. पिंड ठेवू नये. माझ्या वतीने किंवा मला उद्देशून कोणीही कोणताही शब्द देऊ नये.

कलम ७. मन

हे कलम कशाचीही विल्हेवाट लावत नाही. ते गाळावं असं अनुपमाताईंनी सुचवलं. मी ते ठेवते.

रुग्णालयात मॉनिटरवरची रेघ सरळ झाली की कधी कधी मला बोलावतात. नातेवाइकांना वाटतं यंत्र बिघडलं. मी तारा तपासते, पट्ट्या तपासते, दुसरं यंत्र लावून बघते आणि सांगते की यंत्र बरोबर आहे. माझ्या कामातलं सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य कदाचित हेच असेल. त्या खोल्यांमध्ये ज्योत कुठे मिसळताना मला दिसली नाही. ती दिसण्यासारखी नसते, असं पापाजी म्हणाले असते. त्यांचं म्हणणं मला खोटं ठरवता येत नाही, खरंही ठरवता येत नाही. माझ्याकडे त्यासाठी उपकरण नाही. मिसळून जाण्याची वाट मी आशेने पाहते आहे असं कोणी समजू नये. मी थकले आहे आणि मला भीती वाटते.

त्यातल्या एका गोष्टीची भीती जास्त आहे. पापाजी सांगत की शेवटच्या घटकेला मन जिथे अडकतं तिथेच जीव परत येतो. म्हणून त्या वेळी नाम घ्यायचं, म्हणजे मन दुसरीकडे जाणार नाही. मी घेऊन बघते. दोनदा-तीनदा मन स्थिर राहतं आणि मग मला कोरडं पात्र दिसतं, बाभळ दिसते, आई हात जोडून उभी दिसते आणि लोक तिच्याकडे बघत असतात. या वेळी माझ्यासाठी. कावळा येत नाही आणि तिला समजतं की पोरगी माझ्यावर नाराज होऊन गेली. मग ती द्यायला आणखी एक शब्द शोधते. तिच्याकडे आता द्यायला काही उरलेलं नाही. मी हे बघत बघत मरणार असेन, तर पापाजींच्या हिशेबाने माझी सुटका नाही. आणि पापाजी चुकीचे असतील, तरी माझा जो शेवटचा क्षण असेल त्या क्षणी मी हेच बघत असेन. दोन्हीकडून उत्तर एकच येतं.

आईला मी हे दिवाळीत सांगायचा प्रयत्न केला. ती अनारसे तळत होती.

"आई, माह्या मागं कावळ्याची वाट पाहू नको."

"मंग मले कसं समजन तू कुठं हायस ते?"

"मी कुठंच नसन, आई."

"अशी कशी कुठंच नसशीन? एवढी पोटची पोरगी कुठंच नाई?" तिने झारा कढईत सोडून दिला. "तुहे पापाजी आले व्हते ना? मी बोलावलं तं आले ना ते? मंग तू काऊन नाई येनार? माह्यावर एवढा राग हाय का तुहा?"

मी म्हटलं, "राग नाई."

ते पूर्ण खरं नव्हतं आणि तिला ते कळलं. अनारसे जळले. दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली. मामांच्या फोनवर ती येत नाही.

कलम ८. दोन मार्ग

आईने कलम ६ मान्य केलं तर मी घरीच राहीन. ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं आहे, वीज गेली तर चालणारी बॅटरी मी स्वतः बसवली आहे. तिने यावं आणि शेवटपर्यंत जवळ असावं, ही माझी इच्छा आहे.

तिने मान्य केलं नाही तर मी नांदेडला काकांकडे जाईन. तिथे गेल्यावर माझ्यामागे काय करायचं ते डिंपलच्या घरचे बघतील आणि खडकपूर्णेच्या पात्रात कोणालाही उभं राहावं लागणार नाही. त्यासाठी आईला सोडून परगावी जावं लागेल. तिने दिलेला शब्द मोडेल. तो मी इतकी वर्षं मोडला नाही, आता मोडेन.

डॉक्टरांच्या मते या महिन्याच्या मध्यानंतर मला इतका प्रवास करता येणार नाही. रुग्णवाहिका डिंपलने ठरवून ठेवली आहे. ती येण्याआधी रद्द करता येते.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे. तो माझा आहे. खालील दोन साक्षीदारांसमोर मी सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

कुलदीप कौर तेजासिंग टाक (सही)

साक्षीदार:
१. संघपाल पुंजाजी इंगळे, राहणार बुलढाणा (सही)
२. डॉ. मंजुश्री गुलाबराव वानखडे, राहणार बुलढाणा (सही). मृत्युपत्र करणारी व्यक्ती शुद्धीवर असून तिला आपण काय लिहिलं आहे याची पूर्ण समज आहे, असा दाखला मी दिला आहे.

ठिकाण: देऊळगाव राजा
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५

एक प्रत: सत्यभामाबाई तेजासिंग टाक, सध्या मुक्काम डोणगाव, तालुका मेहकर. संघपाल स्वतः आणून देतील.

आई, पहिली सात कलमं मागून वाचलीस तरी चालेल. आठवं आधी वाच. मी गेल्यावर मला जे विचारणार आहेस ते आत्ता विचार, मी अजून उत्तर देऊ शकते. राग आहे का, असं पुन्हा विचारलंस तर या वेळी खरं सांगेन. शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत तुझ्या हाताने हो किंवा नाही एवढं लिहून संघपालकडे दे, किंवा स्वतः ये. नाही असलं तरी कळव.